फिलूबायच्या आईची रेकॉर्ड

मी दत्ताराम. दत्ता पॉलिशवाला म्हणतात सगळे, इथे दिंडोशीत कोणालाही विचारा, आडनाव सांगितलंत तर कोणी ओळखणार नाही. गाव आमचं कणकवलीच्या अलीकडे, म्हणजे आजोबांचं गाव, वडील मुंबईत आले ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आणि गिरणी बंद पडली तेव्हा मी एकोणीसचा होतो, आणि वडील जे घरी बसले ते बसलेच, पत्र्याच्या पेटीवर बसायचे, भिंतीकडे बघत, आणि आई म्हणाली, दत्त्या, आता तूच. आता तूच म्हणजे काय करायचं ते काय तिने सांगितलं नाही. कांदिवलीला फर्निचरचा कारखाना होता, तिथल्या मिस्त्रीने माझा तळवा उलटा-सुलटा करून बघितला, म्हणाला ह्याच्या हाताला घाम येत नाही, हा पॉलिशला चालेल. झाली माझी निवड. कोणाची अक्कल बघून निवड होते, माझी अशी झाली.

तुमचं ते आवाज धरायचं मशीन चालू आहे ना? बरं. तर पॉलिश म्हणजे आताचं ते फवाऱ्याने मारतात ते नाही, ते कोणीही करेल, आमचं हाताचं, लाखेचं. लाख कशी असते बघितलीत का, पिवळे पातळ पापुद्रे असतात, पापडाच्या चुऱ्यासारखे, ते स्पिरिटमध्ये भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी विरघळून मधासारखं होतं, मग कापसाचा बोळा मलमलच्या फडक्यात गुंडाळायचा आणि लाकडावर हात मारायचे, एक हात, दोन हात, दहा-दहा हात, मनगट भरून येतं. आणि चुकलं, डाग पडला, तर नुसत्या स्पिरिटने पुसून काढायचं, सगळी लाख उतरते आणि लाकूड परत होतं तसं. म्हणजे चुकीला माफी असलेलं काम आहे हे. मला ते आवडायचं. कुठल्या माणसाच्या कामात एवढी माफी असते सांगा.

मग लग्न झालं, सुनंदा गावचीच, माझ्या आत्येच्या शेजारची. मुलगी झाली. मुलगी दोन वर्षांची असताना हे काम आलं, अंधेरीला गावठाणात, जुनं घर, पुढे लाकडी ओटी, क्रॉस, फुलांच्या कुंड्या. घरात फिलूबाय एकटी. तेव्हा ती साठीची असेल, शाळेत टीचर होती, रिटायर झालेली, लग्न नाही केलेलं. ती त्यांची ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिश्चनांची, मराठी बोलायची, आपल्याला कळते, म्हणाली, कपाट हाय, दोन खुर्च्या हायत, आणि ह्यो बाजा हाय माझ्या आयचा, ह्याला चांगला चमकव बघ. बाजा म्हणजे चावीचा ग्रामोफोन, पण पेटीसारखा नाही, उभा, कपाटासारखा, वर झाकण आणि खाली रेकॉर्डी ठेवायचा खण. असलं लाकूड मी जन्मात बघितलं नव्हतं. चार दिवस मी त्याच्यावर होतो, बारा हात मारले, सांगितले होते आठ.

पाचव्या दिवशी काम संपलं. बाटलीत स्पिरिट उरलं होतं आणि बाय आत चहा करत होती. खालचा खण उघडला तर रेकॉर्डी, सगळ्यात वर एक होती ती मऊ फडक्यात गुंडाळलेली, वेगळी. काढून बघितली तर बुरशी आलेली, पांढरी, ठिपके ठिपके. मला काय वाटलं सांगू, बाई एवढी चांगली आहे, रोज दुपारी जेवायला वाढते, हिच्यासाठी जाता जाता एवढं करूया. मी फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि पुसलं. काळं निघालं. म्हटलं, काय मळ आहे बघा, किती वर्षांचा, आणि आणखी जोर लावला. दोन्ही बाजू पुसल्या. मधला नावाचा कागद तेवढा सांभाळला, त्याला हात लावला नाही, एवढी अक्कल चालवली. आणि काय चमकली म्हणता, तोंड दिसत होतं माझं तिच्यात.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना ते हे. त्या जुन्या रेकॉर्डी लाखेच्या असतात हो. मी रोज सकाळ-संध्याकाळ लाखेत हात घालणारा माणूस, स्पिरिट लाखेला खातं हे माझ्याइतकं कोणाला माहीत, पण रेकॉर्ड लाखेची असते हे मला माहीत नव्हतं. दुसरा कोणी असता, गवंडी असता, शिंपी असता, तर ओल्या फडक्याने पुसली असती आणि काही झालं नसतं. माझ्याकडेच स्पिरिट होतं. मळ मळ म्हणून मी जे पुसत होतो तो आवाज होता.

बाय चहा घेऊन आली, रेकॉर्ड बघून खूश झाली, म्हणाली, थांब, तुला ऐकवते, ही माझी आय हाय. मला कळेना. मग सांगितलं तिने चावी देता देता, तिची आई लग्नाआधी आणि लग्नानंतर पण हॉटेलात बँडबरोबर इंग्लिश गाणी म्हणायची, नाचाची, साहेबांच्या वेळेला, मिस लीना नाव लावायची, आणि तिची ही एकच रेकॉर्ड निघाली. बाय पाच वर्षांची असताना आई तापाने गेली. फोटो पण धड नाही. गाणं संपलं की शेवटी आई हसते, बाय म्हणाली, सुई उचलायच्या आधी, लक्ष देऊन ऐक. आणि सुई ठेवली.

खस्स. नुसतं खस्स. सुई सरळ घसरत मधल्या कागदापर्यंत गेली. बायने उलटी करून लावली, तेच. मग तिने रेकॉर्ड नाकाजवळ नेली आणि वास घेतला. स्पिरिटचा वास लपत नाही. माझ्याकडे बघितलं. मी उभा. माझ्या हातात चहाचा कप.

ओरडली नाही हो ती. ओरडली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मी आज कुठे असतो, गावाला असतो, माडाखाली बसलो असतो. ती म्हणाली, तुला ठावं नव्हतं ना, जाऊ दे, चाय थंड होतो. आणि आत गेली. मी ओटीवर अर्धा तास बसलो आणि मग दारातनं म्हटलं, बाय, मी दुसरी आणून देतो. एक रेकॉर्ड काय एकच काढतात का, शंभर काढल्या असतील, कुठेतरी असेल, मी आणून देतो. आतून म्हणाली, बरं.

बरं. ह्या एका बरंमध्ये मी अठ्ठावीस वर्षं आहे.

ती पुसलेली रेकॉर्ड मी घेऊन आलो. कागदावर नाव होतं आणि नंबर होता. मी सातवी पास, इंग्लिश अक्षरं जोडून जोडून वाचतो, पण आकड्यांना कोण विचारतो, आकडे सगळ्यांचे. नंबर लिहून पाकिटात ठेवला. आणि शोधायला लागलो. आमच्या धंद्यात एक बरं, लोकांच्या घरात शिरता येतं. अंधेरी, मालाड, बोरिवली, मुलुंड, जुने बंगले, जुनी घरं, पॉलिश करायला गेलो की विचारायचं, माळ्यावर काही जुन्या रेकॉर्डी आहेत का, आणि असायच्या हो, लोक म्हणायचे न्या, नाहीतर भंगारातच द्यायच्या आहेत. घाटकोपरला मगनभाई रद्दीवाला, त्याला सांगून ठेवलं होतं. त्याला लीना-बिना कळत नव्हतं, त्याला मी सांगितलं, बाईचं नाव, इंग्लिश गाणं, आणि वजनाला जड, हातातनं पडली तर कपबशीसारखी फुटेल, अशी असेल ती माझी. तो ठेवायचा.

मिळालेली प्रत्येक रेकॉर्ड रविवारी बायकडे न्यायची. का, तर कधी कधी कागद फाटलेला असायचा, नंबर दिसायचा नाही, मग लावून बघितल्याशिवाय कसं कळणार, आणि मी तर तिच्या आईचा आवाज ऐकलेलाच नव्हता, ऐकायच्या आधीच पुसला. म्हणून बायने ऐकायचं आणि सांगायचं. ती चावी द्यायची, सुई बदलायची, त्या बाजाला प्रत्येक गाण्याला नवी सुई लागते, नाहीतर रेकॉर्ड खरवडते, आणि डोळे मिटून बसायची. पहिल्या चार ओळींत म्हणायची, ही नाय. पण बंद करायची नाही. पूर्ण ऐकायची, मला पण ऐकायला लावायची.

तर अशा किती बाया ऐकल्या म्हणता. परदेशातल्या काळ्या बाया, जुन्या, शंभर वर्षांमागच्या, इथल्या अँग्लो बाया, गोव्याच्या बाया, मागे पिपाणीसारखं काहीतरी वाजतंय, ढोल आहे, आणि बाई मधेच उभी. शब्द मला एक कळत नव्हता. बाय सांगायची, ही म्हणते नवरा गेला आणि जाताना माझं पांघरूण पण घेऊन गेला. ही म्हणते नदीला पाणी आलं, मी आता जाऊ कुठे. मी म्हटलं, बाय, हे गाणं नाही, हे आमच्याकडे देवासमोर घालतात ते गाऱ्हाणं आहे. ती म्हणाली ते काय असतं, मी तिला घालून दाखवलं, बा देवा म्हाराजा, आणि आम्ही सगळे मागून व्हय म्हाराजा म्हणतो. तिला हसू आवरेना. मग त्या परदेशी बाईची ओळ संपली की बाय मुद्दाम म्हणायची, व्हय म्हाराजा. तिचं देवघर वेगळं, माझं वेगळं, आणि ती बाई तिकडची कुठली. खोटं नाही सांगत, आवडायला लागल्या मला त्या. एका आवाजाची माणसाला सवय लागते. कामावर लाकूड घासताना मी गुणगुणायचो, लोक हसायचे, हा पॉलिशवाला इंग्लिश बडबडतो.

पण बाय एक पण ठेवून घ्यायची नाही. म्हणायची, माझी नाय ती, तू ने. सगळ्या यायच्या माझ्या घरी. आणि घर केवढं, एक खोली आणि स्वयंपाकघर. रेकॉर्डी आडव्या ठेवता येत नाहीत, वाकतात, उभ्याच ठेवायला लागतात, भिंतीला फळ्या मारल्या, मग पलंगाखाली, मग फ्रिजच्या मागे, उन्हापासून लांब, ओलीपासून लांब. मुलीचा अभ्यास स्वयंपाकघरात झाला. सुनंदा कमरेने दुखणाईत, तिला पाय लांब करून झोपायला मिळत नाही अजून. चाळीतल्या बायका चिडवायच्या तिला, तुझ्या घरात काय गं चारशे सवती. ती आधी हसायची. मग हसायची बंद झाली. एक दिवस म्हणाली, ह्या बायांका भाडा नाय, पाणी नाय, आणि मालकीण मी, माका बसाक जागा नाय.

विकून टाका म्हणतात सगळे. आता तर म्हणे शौकीन लोक आहेत, घेतात. पण कशी विकू? एखादीचा कागद फाटलेला असेल, बायला त्या दिवशी ऐकू नसेल आलं, आणि तीच असली तर? असं वाटतं हो. विकता येत नाहीत, ऐकता येत नाहीत, माझ्याकडे बाजा कुठे आहे, बाजा बायकडे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

सुनंदाला गावाला जायचंय. मुलीचं लग्न झालं तेव्हापासून म्हणते. घर आहे तिकडे, दोन खोल्या, अंगण, विहीर, चार माड. आणि मला पण दम लागतो आता, तीस-चाळीस वर्षं स्पिरिट छातीत गेलं, डॉक्टर म्हणाला काम सोडा, मोकळ्या हवेत जा. मी दर वर्षी काय सांगायचो, रेकॉर्ड मिळाली की जाऊ. एवढी एक देऊन टाकतो म्हातारीला आणि जाऊ. सुनंदा म्हणायची, तिने तुमाला जाऊ दे म्हटलेला ना, मग तुमी कोणाक धरून बसलास? फिलूबाय जाऊ दे म्हणाली होती, खरं आहे. मीच नाही गेलो. तिने एवढंसं दार उघडं ठेवलं होतं, मी आतनं कडी लावून घेतली.

तर ऐका आता. दिवाळीनंतर मगनभाईचा फोन आला, कुठलातरी बंगला तोडायला काढलाय, माळ्यावरची ट्रंक आहे, ये. गेलो. सतरावी का अठरावी असेल रेकॉर्ड, कव्हर नाही, धूळ. मी फडकं ओलं करून, पाण्याने हो, पाण्याने, मधला कागद हळूच पुसला. मिस लीना. पाकीट काढलं, कागद काढला, त्याचे घडीवर चार तुकडे झालेत, जोडून बघितले. एक एक आकडा बोट ठेवून बघितला. तोच नंबर. मी तिथेच रद्दीच्या गठ्ठ्यावर बसलो. मगनभाई म्हणाला, पानी लाऊं क्या दत्ताभाई. आधी सुनंदाला फोन लावला, म्हटलं, मिळाली. संध्याकाळी घरी आलो तर तिने माळ्यावरून बॅगा काढल्या होत्या, आणि माझे दोन शर्ट बॅगेत घालून पण झाले होते.

रविवारपर्यंत कोण थांबतो, दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. बाय आता नव्वदीची आहे, पलंगावरच असते, एक बाई येते सकाळ-संध्याकाळ सगळं करायला. पण डोकं शाबूत, कान शाबूत, चुकून डबा पडला तर स्वयंपाकघरातला कुठला डबा पडला ते सांगते. मी काही बोललो नाही, म्हटलं स्वतःच ओळखू दे. नवी सुई लावली, चावी दिली. थोडी खरखर झाली आणि मग बाई लागली गायला. आवाज कसा सांगू तुम्हाला, बारीक नाही, जाड नाही, जरा नाकातला, पोर पाटीवर बोट फिरवते तसा, हळू. आणि गाणं संपलं आणि शेवटी, मी श्वास धरून उभा होतो, शेवटी ती हसली. एवढंसंच. अगदी जवळ उभं राहून कोणीतरी हसावं तसं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी बायकडे वळलो.

बाय डोळे मिटून होती. म्हणाली, ही नाय.

मी म्हटलं, बाय, हसली ना. ती म्हणाली, हसतात रे बाया. मी म्हटलं, नंबर बघा, नाव बघा, मिस लीना लिहिलंय. ती म्हणाली, माझ्या आयचा आवाज मोठा होता, घर भरायचा, ही तर कोण पोर हाय. परत लावली. परत ऐकली पूर्ण. म्हणाली, चांगली गाते. पण ही नाय दत्ता. तू शोध.

मी बसलो ना हो खाली. आता तुम्हीच सांगा, काय म्हणायचं मी तिला? पाच वर्षांच्या पोरीला आईचा आवाज मोठाच वाटणार. आई गेली तेव्हा तेवीस-चोवीसची असेल, पोरच ती. आणि माझ्यामुळे बायने अठ्ठावीस वर्षं ती रेकॉर्ड ऐकलेली नाही, तेवढ्या वर्षांत डोक्यातला आवाज वाढत वाढत कुठे गेला असेल. का ती सगळं ओळखून नाही म्हणाली? मिळाली म्हटलं की मी गावाला जाणार हे तिला माहीत होतं, मीच सांगायचो दर रविवारी. दोन्ही वाटतं मला. सकाळी एक वाटतं, जेवल्यावर दुसरं. आणि मी कुठल्या तोंडाने सांगू की हीच तुझी आई, मी तर मूळचा आवाज ऐकलेलाच नाही. नंबर म्हणतो आहे, लेक म्हणते नाही.

घरी येऊन सांगितलं. सुनंदाने हातातला डबा दाणकन ठेवला. म्हणाली, म्हातारी तुमका सोडूची नाय, तुमी घाबरता, मी येतंय रविवारी आणि मी सांगतंय. एवढ्या वर्षांत कधी आली नव्हती ती बायच्या घरी, रागच होता. रविवारी रिक्षात पूर्ण रस्ता तिचं चालू होतं, काय काय बोलायचं ते, तुमची भरपाई झाली, रेकॉर्ड मिळाली, आता आमच्या माणसाला मोकळं करा, असं सगळं शुद्ध भाषेत घोकत होती. मी म्हटलं, बोल बाई, माझ्याच्याने होत नाही, तूच बोल.

आत गेलो. ती कामवाली बाई खाडे करते रविवारी, त्यामुळे घरात कोणी नाही. बाय एका कुशीवर होती, उशी सरकलेली, पाण्याचा तांब्या हात पुरणार नाही इतक्या लांब. सुनंदा दारात उभी राहिली. मग गेली, तिने उशी सारखी केली, पाणी पाजलं, तोंड पुसलं पदराने. बायने विचारलं, कोण गं तू. म्हणाली, मी दत्ताची बायको. बायने तिचा हात धरला आणि विचारलं, सापडली का गं त्याला?

मी सुनंदाच्या तोंडाकडे बघत होतो. ती म्हणाली, नाही बाय, अजून शोधतायत.

घरी आल्यावर तिने बॅग उघडली, माझे शर्ट काढले आणि खुंटीला लावले. मग म्हणाली, पुढच्या रविवारी मऊ भात देतंय डब्यात, घेऊन जावा, आणि ते जुने कुठलेतरी चार रेकॉर्डी पण न्या, म्हातारी वाट बघतली.

तर असं आहे. शोधायचं आता काही राहिलं नाही आणि शोधणं सुटत नाही. देव तुमच्या हातून असली चूक न घडवो एवढंच म्हणतो. घडलीच, तर समोरचा माणूस ओरडणारा भेटो.